प्रीमियर पद्मिनीच्या ब्रेकचे सुटे भाग घेताना: माझा अनुभव

आमच्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढू लागली, म्हणून पुढच्या उजव्या चाकाचा ड्रम काढला, तेव्हा व्हील सिलिंडरचे (ऑइलच्या दाबाने ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या अर्धगोल पट्ट्या, बाहेर ढकलणाऱ्या भागाचे) रबरी बूट ओले दिसले आणि गळलेल्या ऑइलमुळे लायनर, म्हणजे शूवरचे घासणारे अस्तर, काळे पडून चकाकत होते. ऑइल मुरलेले लायनर घासून पुन्हा बसवण्यात अर्थ नसतो. शिवाय ब्रेक शू नेहमी दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत.

पुण्यातल्या नाना पेठेत खरेदीला जाताना जुना सिलिंडर आणि व्यास मोजायचा व्हर्निअर सोबत नेला, कारण खोक्यावर गाडीचे नाव छापलेले असले तरी आतला व्यास तोच असेल याची खात्री देता येत नाही. एका दुकानात दाखवलेल्या किटमधील (सिलिंडर दुरुस्तीच्या सुट्या रबरी भागांच्या संचातील) रबरी वॉशर बोटांनी वाकवताच त्याच्या कडेला बारीक भेगा उमटल्या. वर्षानुवर्षे पडून राहिलेला असा माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी किटऐवजी पूर्ण सिलिंडरच घेतले.

ब्रेक ऑइल डॉट ३ प्रतीचे आणि सीलबंद डब्यातलेच घ्यावे. ते हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. जोडणीनंतर मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरपासून) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढत आलो. आता ब्रेक लावल्यावर गाडी सरळ रेषेत थांबते.