गळ्यातली माळ कामात कशी उतरवावी

मंगळवेढ्यात माझी पिठाची गिरणी आहे. सतरा वर्षांपूर्वी पंढरपुरात माळ घातली. नव्यानं माळ घातलेल्या लेकीसुना विचारतात, "मावशी, आता वागायचं कसं?" त्यांना सांगते तेच इथं लिहिते.

सगळा धर्म एकदम अंगावर घेऊ नका. एकच नेम धरा. कुठला ते सुचत नसेल तर आपल्या गावचे संत लोकांच्या ध्यानात कशानं राहिले ते आठवा. आमच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाचं कोठार भुकेल्यांना उघडून दिलं. दुसऱ्याच्या तोंडचं धान्य आपलं म्हणायचं नाही, हा नेम मी तिथून घेतला.

मग तो नेम अशा जागी बांधा, जिथं आपल्याला कुणी बघत नसतं. माझी जागा म्हणजे गिरणीच्या तोंडाला बांधलेलं कापड. दर दळणाचं मूठ-दोन मूठ पीठ त्यात अडकतं. झटकलं नाही तर गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि संध्याकाळी आपल्या भाकरीपुरतं आयतं निघतं. माळ घातल्यावरही वर्षभर मी ते घरी नेत होते. एकादशी निर्जळी करायचे, हरिपाठ चुकवायचे नाही, आणि ह्याला चोरी म्हणतात हे मनातसुद्धा येत नव्हतं. एका द्वादशीला रोजानं खुरपायला जाणारी बाई दोन किलो ज्वारी घेऊन आली. दळण झाल्यावर हळूच म्हणाली, "माउली, कापड जरा झटका की. घरी एक भाकरी कमी पडते."

त्या दिवसापासून दर दळणाला कापड तीनदा झटकते. उपासाची भगर आली तर आधी गिरणी पुसून घेते; तिच्यात गव्हाचं पीठ मिसळलं तर त्या माणसाचा उपास माझ्यामुळं मोडेल.

चुकलं तर जास्तीचा उपास धरून मोकळं होऊ नका. ज्याचं घेतलं त्याच्याकडं जा. मी त्या बाईच्या घरी दहा किलो पीठ घेऊन गेले. "तुझं पीठ मी नेत होते," एवढं दारात उभं राहून सांगताना घशाला जी कोरड पडली, ती कुठल्या एकादशीला पडली नव्हती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुणी 'धर्मात असं आहे' म्हणून काही सांगितलं, तर त्या नेमाचा भार कुणावर पडतो ते बघा. माझ्या हाताला आवर घालत असेल तर पाळा. फक्त दुसऱ्याला दाराबाहेर उभं करत असेल तर सोडा. चोखोबा आमच्याच गावात कुसाची भिंत अंगावर पडून गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराशी आहे, पण अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्या त्यांच्या माणसांना विठोबापर्यंत जायला १९४७ साल उजाडावं लागलं. त्यासाठी साने गुरुजी मे महिन्यात प्राणांतिक उपोषणाला बसले. दार बंद ठेवणारेही धर्माचंच नाव घेत होते. म्हणून ही परीक्षा कधी चुकवू नका.

औषधपाण्याचं डॉक्टरला विचारा. साखरेच्या आजाराची गोळी चालू असेल तर उपास त्यांना सांगूनच धरा.

माझा भाऊ देव मानत नाही. त्याचं खताचं दुकान आहे, आणि त्याचा काटा मी कधी वाकडा बघितला नाही. माळ नसली तर माणूस बिघडतो असं मी कुणाला म्हणणार नाही. मला मात्र ती लागते. कापड झटकायला वाकलं की मणी गिरणीच्या पत्र्याला लागून वाजतात, आणि हात आणखी एकदा झटका देतो.