माळरानावर फुरसे किंवा घोणस आडवी आल्यास

अमेरिकेच्या वाळवंटातील रॅटलस्नेक शेपटीच्या टोकाची कडक कडी वाजवून आपण येथे असल्याचे कळवतो. तो साप आपल्याकडे आढळत नाही. मात्र सोलापूरच्या मुरमाड माळांवर, नान्नजच्या गवताळ रानात आणि शेताच्या बांधांवर आवाजाने इशारा देणारे त्याचे दोन भाऊबंद आहेत. फूट-दीड फुटाचे फुरसे अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते आणि त्याच्या करवती खवल्यांतून खरखर उमटते. घोणस अंग फुगवून कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फुत्कार टाकते.

असा आवाज कानी पडताच जागच्या जागी थांबावे. साप नेमका कोठे आहे हे दिसेपर्यंत पाय उचलू नये, कारण घाबरून मारलेली उडी त्याच्याच अंगावर पडू शकते. तो दिसल्यावर आल्या वाटेने सावकाश मागे सरावे, सहा-सात फुटांचे अंतर पडू द्यावे आणि त्याला निघून जाण्यास वाट मोकळी ठेवावी. दगड मारणे किंवा मोबाईलवर छायाचित्र घेण्यासाठी वाकणे हा निव्वळ आगाऊपणा होय. सुस्त पडलेल्या घोणशीला अजगराचे पिल्लू समजून डिवचणारे महाभागही असतात. तिचा झपाटा किती वेगवान असतो, हे त्यांना कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

परंतु केवळ कानांवर भिस्त ठेवता येत नाही. रब्बी ज्वारी उपटताना बोटे थेट धाटाच्या बुडाशी, भेगाळलेल्या काळ्या जमिनीजवळ जातात, आणि तेथे दबून बसलेल्या सापाला इशारा देण्याइतका अवधीच मिळत नाही. रात्रभर रानात पडलेली कडब्याची पेंढी आधी काठीने उलटून पाहावी, मगच कवेत घ्यावी. रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरी आणि गमबूट असावेत. मण्यार तर आवाज करीतच नाही. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. म्हणून वस्तीवर खाटेवर, मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून झोपावे.

दंश झालाच तर अंगठी, जोडवी, बांगड्या लगेच काढाव्यात आणि चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा. करकचून दोरी आवळू नये, ब्लेडने चिरू नये, तोंडाने विष ओढू नये. देवळात किंवा मांत्रिकाकडे वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती लांब असेल तर रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात न्यावे. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. डॉक्टरांना दंशाची वेळ मात्र अचूक सांगावी. ते थोडे रक्त काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे तसेच ठेवतात. ते गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनल्याची शंका बळावते. ही तपासणी पुन्हा करावी लागते, आणि मण्यारीच्या दंशाला सूज किंवा वेदना जवळजवळ नसतानाही काही तासांनी पापण्या जड होऊन श्वास अडू शकतो. त्यामुळे रुग्ण बरा दिसला तरी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय त्याला त्याच रात्री घरी आणू नये.