जुना डिझेल ट्रक चढाला ओढत नाहीये?

लोड टाकला की गाडी मरते, चढाला सारखा गिअर खाली टाकावा लागतो, तर लगेच इंजिनला डिझेल देणारा पंप खोलायला देऊ नका, तो खर्च शेवटी. आधी एअर फिल्टर न डिझेल फिल्टर बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय, पण सायलेन्सर चोक असला तरी धूर काळाच येतो बरं का. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी हळू करणारा ब्रेक) असेल तर त्याची फ्लॅप, म्हणजे पाइपातली झडप, आधी बघा, कार्बन बसून अर्धी बंद अडकते आणि लोक उगाच नवा सायलेन्सर घेऊन येतात. फ्लॅप मोकळी असेल तर इंजिन गार असताना सायलेन्सरच्या आधीचा जॉइंट सोडा, वायरिंगवर गरम हवा येत नाही ना बघा न थोडंसं चालवा, आवाज भयंकर येईल पण गाडी पळाली तर सायलेन्सरच चोक.