पोस्टिंगमध्ये आरोग्यसंवर्धन शिकवताय? या चुका टाळा

पीएसएमच्या (म्हणजे कम्युनिटी मेडिसिन, सामुदायिक आरोग्याच्या) पोस्टिंगला आलेल्या इंटर्नला आरोग्यसंवर्धन म्हणजे काय विचारा. डब्ल्यूएचओच्या परिषदेतला १९८६ चा ओटावा जाहीरनामा आणि त्यातली पाचही कृतिक्षेत्रं तो घडाघडा म्हणून दाखवेल. त्यालाच नवी मुंबईत तुर्भ्याच्या केंद्रात बीपीच्या पेशंटसमोर बसवा. “मीठ कमी करा, रोज चाला, तंबाखू सोडा.” पेशंट मान डोलावतो आणि गोळ्या घेऊन निघून जातो. यात पोरांचा दोष थोडा, पोस्टिंग आखणाऱ्यांचाच जास्त. म्हणून हे शिक्षकांसाठी आणि आरोग्य केंद्रातल्या मेडिकल ऑफिसरांसाठी.

हेल्थ टॉक झाला की शिकवणं झालं, असं समजणं

३१ मे आला की तंबाखूविरोधी पोस्टर, वीस मिनिटांचं भाषण, ग्रुप फोटो आणि लॉगबुकवर सही. यात विद्यार्थी बोलायला शिकतो, ऐकायला नाही. टॉक बंद करा असं माझं म्हणणं नाही. पण खरं शिक्षण रोजच्या ओपीडीत, लसीकरणाच्या दिवशी, आशाताईंबरोबरच्या घरभेटीत होतं. वेळ तिकडे द्या.

विचारण्याआधीच सल्ला

वाशीच्या एपीएमसीतला, म्हणजे घाऊक बाजारातला माथाडी कामगार बीपी दाखवायला येतो. इंटर्न म्हणतो, “काका, रोज अर्धा तास चाला.” काका हसतात. पहाटेपासून पाठीवर गोण्या वाहिलेल्या माणसाला चालायला सांगायचं? त्याची अडचण वेगळीच असते: झोप तुटलेली, जेवण गाडीवरचं, भूक मारायला वडापाव नाहीतर फरसाण आणि जागं राहायला तंबाखूची चिमूट. डब्ल्यूएचओ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पण त्याच्या पोटात मीठ कुठून जातं हे विचारल्याशिवाय त्या आकड्याचं काय करायचं?

तंबाखूचंही तेच. “तंबाखू खाता का?” असं विचारलं तर बऱ्याच मावश्या सरळ नाही म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. “मशेरी लावता का?” म्हटलं की, “ती तर सकाळी लागतेच.” प्रश्न कसा विचारायचा हे आधी करून दाखवा. पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला सल्ला द्यायची मनाईच करा. कामाच्या वेळा, जेवण, घरात स्वयंपाक कोण करतं आणि सामान कोण आणतं, एवढंच विचारून यायचं.

शिक्षक खोलीबाहेर

हिस्टरी आणि तपासणी आपण बघतो. समुपदेशन मात्र ‘करून टाक’ म्हणून सोपवतो आणि आत काय झालं ते कुणालाच कळत नाही. आठवड्यातून निदान एकदा पाच-सात मिनिटं कोपऱ्यात गप्प बसा. पेशंट गेल्यावर लगेच बोला, आणि नेमकं बोला. ‘छान’ म्हटल्यानं काहीच पोचत नाही. “त्यांनी नाइट शिफ्टचं काढलं आणि तू विषय बदललास,” हे पोचतं. गर्दीच्या दिवशी जमणार नाही, तेव्हा ज्येष्ठ एएनएमना, म्हणजे आरोग्यसेविकांना बसवा. वस्तीतल्या बायकांशी कसं बोलावं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

दर पंधरवड्याला जागा बदलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सीआरएमआयच्या, म्हणजे सक्तीच्या इंटर्नशिपच्या नियमांत कम्युनिटी मेडिसिनला १२ आठवडे आहेत. आपण त्याचे तुकडे करतो: दोन आठवडे शहरी केंद्र, दोन ग्रामीण, मग आणखी कुठे. बीपीचा पेशंट मात्र साधारण महिन्याने गोळ्यांसाठी परत येतो, आणि तोवर इंटर्न कळव्याला नाहीतर पनवेलकडे गेलेला असतो. आपल्या सल्ल्याचं पुढे काय झालं हे त्याला कधीच दिसत नाही. मग तो तोच सल्ला पुढच्या केंद्रात देतो.

किमान सहा आठवडे एकाच केंद्रात ठेवा. पाच-सहा पेशंट त्याच्या नावावर द्या आणि त्यांची पुढची तारीख त्याच्याच डायरीत लिहायला लावा. वेळापत्रक खरंच हलत नसेल, तर निदान नव्या इंटर्नला पेशंट सोपवताना सल्ल्याचाही हँडओव्हर द्यायला लावा: काय ठरलं, काय अडलं. विद्यार्थ्यांना ठरावीक कुटुंबं नेमून देणाऱ्या ‘कुटुंब दत्तक’ कार्यक्रमात तीच कुटुंबं पुन्हा भेटतात, हा त्याचा मोठा फायदा. पण तिथंही प्रत्येक भेटीत फक्त बीपी-शुगर मोजून परतलात, तर तो वाया गेला.

सगळं पेशंटच्या माथी मारणं

ओटावाच्या पाचांपैकी वैयक्तिक कौशल्य हे एकच कलम आपण शिकवतो. बाजारात भाजी निवडणारी बाई लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन येते. “भरपूर पाणी प्या” सांगून भागत नाही, कारण वापरण्याजोगं शौचालय लांब आहे, म्हणून ती मुद्दामच पाणी कमी पिते. विद्यार्थ्याला तिथवर चालत पाठवा. दरवाजाला कडी आहे का, नळाला पाणी आहे का, पैसे घेतात का, हे बघू द्या. मग वॉर्ड ऑफिसला जाणाऱ्या पत्राचा कच्चा मसुदा त्यालाच लिहू द्या. टीटीसी या नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्याला भेट असेल तर बॉयलर दाखवतात तसं कँटीनचं स्वयंपाकघरही बघायचं.

आणि लॉगबुकातला ‘किती टॉक दिले’ हा रकाना काढाच. परीक्षेला जे मोजाल तेच पोरं करणार. त्याजागी दोन ओळी हव्यात: दुसऱ्या भेटीत पेशंटने काय बदललेलं होतं, आणि नसेल तर त्याने काय कारण सांगितलं. दुसरी ओळ भरलेली असेल तर मार्क कापू नका.