होमकमिंगचा मम घरी बनवताय? आधी तो लटकणार कसा ते ठरवा

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाल्या की डॅलसच्या आसपासच्या मराठी आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय सुरू होतो. लेक मम (होमकमिंगला अंगावर मिरवायचं, लांब रिबिनी लावलेलं शेवंतीसारखं मोठं फूल) हवा म्हणून हटून बसलेली असते, दुकानात चांगल्यापैकी ममला शेकडो डॉलर सांगतात, आणि मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. "सोप्पं आहे गं, ग्लू गन घ्यायची आणि चिकटवत सुटायचं." हा सल्ला देणारीच्या घरचा मम शुक्रवारी दुपारपर्यंत अंगावर होता का, एवढं फक्त तिला विचारा.

पहिलंच वर्ष असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. होमकमिंग म्हणजे माजी विद्यार्थ्यांनी शाळेत परत यावं म्हणून ठेवलेला अमेरिकन फुटबॉलचा सामना आणि त्याच्या मागेपुढे रंगणारा आठवडा. ही कॉलेजांची प्रथा पुढे हायस्कुलांनी उचलली. पहिल्या होमकमिंगचा मान मिसुरी विद्यापीठ १९११ सालचा सांगतं, इलिनॉय १९१० म्हणतं आणि टेक्ससमधलं बेलर १९०९. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ. सोमवार ते गुरुवार पायजमा डे, ट्विन डे असली सोंगं चालतात. शुक्रवारी पेप रॅली (संघाला चेव आणायला शाळेत भरणारा जल्लोष), रात्री सामना, हाफटाइमला किंग-क्वीनचे मुकुट, आणि शनिवारी डान्स. मम हा शुक्रवारचा दागिना, डान्सला तो घालत नाहीत. पूर्वी ते खरं शेवंतीचं फूल असायचं, खाली दोन-चार रिबिनी. आता फूल कापडी आणि रिबिनी गुडघ्याच्या खाली, त्यात घंटा, टेडी, दिवे. मुलाने मुलीला मम द्यायचा, मुलीने मुलाला दंडावर चढवायचा गार्टर, अशी मूळ रीत. आता मैत्रिणी एकमेकींनाही देतात. बनवतात मात्र आयाच.

सामान हॉबी लॉबी किंवा मायकल्स या हस्तकलेच्या दुकानांत मिळतं. शाळेचे रंग लेकीलाच विचारा, "निळा" म्हणजे नेमका कुठला निळा यावरून घरात रडारड होते. बहुतेक शाळांत शाळेचे रंग खालच्या तीन वर्षांना, आणि बारावीच्या सीनियरना पांढरा-चंदेरी. काही ठिकाणी पांढरा-सोनेरी असतो. सीनियरचा मम असेल तर ऑगस्टमध्येच खरेदी उरका, चंदेरी रिबीन आधी संपते. तयार किट घेऊ नका. त्यातला पुठ्ठा पापडासारखा असतो आणि पुढचं सगळं रामायण त्या पुठ्ठ्यापासूनच सुरू होतं.

रिबिनींच्या वेण्या व्हिडिओ बघून घाला. मिलिटरी ब्रेड नावाची वेणी एकदा हाताला बसली की टीव्ही बघता बघता होते. तयार वेणीच्या कितीतरी पट रिबीन लागते, तेव्हा एका रिळात भागेल हा हिशोब सोडून द्या. फुलाभोवतीची झालर म्हणजे रिबिनीच्या घड्या घालून पुठ्ठ्याच्या कडेने मारलेल्या स्टेपलरच्या पिना. एका संध्याकाळचं काम.

आता खरी गोष्ट. लटकवणं. या टप्प्याने मलाही पहिली काही वर्षं रडवलंय, म्हणून इथे हात जोडून सांगते, घाई करू नका.

मम पडतो तो वजनाने, आणि वजन फुलात नसतं, खालच्या रिबिनी, वेण्या आणि घंटांत असतं. लोक काय करतात? पुठ्ठ्याच्या मागे रिबिनींची टोकं गरम गोंदाने चिकटवतात, वरून गळ्यात घालायची पट्टी चिकटवतात, आणि मध्ये तो बिचारा पुठ्ठा दोन्हीकडून ताणला जातो. त्यात टेक्ससचा सप्टेंबर. बंद गाडीत मम ठेवून पार्किंगमध्ये तासभर उभी केलीत की आतलं तापमान ५० अंश सेल्सियसच्या वर सहज जातं. ग्लू गनचा गोंद मुळात उष्णतेने वितळणारा, तो मऊ पडतो आणि सॅटिनच्या गुळगुळीत पाठीवरून अख्खी रिबीन सुळकन सुटते. "मग अजून गोंद लाव" हा त्यावरचा सल्ला तर अजिबात ऐकू नका. जास्त गोंद म्हणजे जास्त वजन, बाकी काही नाही. गोंद सजावटीसाठी. वजन पेलायला स्टेपलरच्या पिना, टाके आणि पट्टी.

मी करते ते असं. खोक्याच्या जाड पुठ्ठ्याच्या सात-आठ इंचांच्या दोन चकत्या कापायच्या. खोक्याच्या पुठ्ठ्यात आत नाळ्या असतात आणि तो त्या नाळ्यांच्या रेषेवर वाकतो. दोन्ही चकत्यांच्या नाळ्या आडव्या राहिल्या तर दुपारपर्यंत फूल मान टाकतं. म्हणून एका चकतीच्या नाळ्या उभ्या, दुसरीच्या आडव्या, अशा एकावर एक चिकटवायच्या. एवढ्याशा गोष्टीने ममचा निम्मा आजार बरा होतो आणि ती मी बघितलेल्या कुठल्याही व्हिडिओत कोणी सांगत नाही.

मग रिबिनी. त्या एकेक करून पुठ्ठ्याला लावायच्याच नाहीत. पाच-सहा इंचांची जाड, खरखरीत विणीची रिबीन आडवी धरायची आणि सगळ्या वेण्या, सगळ्या लांब रिबिनी तिच्यावर ओळीने लावायच्या. आधी स्टेपलरची पिन, मग सुईदोऱ्याने दोन-दोन टाके. हा झाला तोरणासारखा एक पट्टा. पिनांची टोकं पुढच्या बाजूला वळलेली हवीत, फुलाखाली झाकली जातात. मागे राहिली तर दिवसभर लेकीचा टी-शर्ट ओरबाडतात आणि संध्याकाळी बोलणी तुम्हाला बसतात.

गळ्यातली पट्टी दीड इंच रुंद घ्या. बारीक दोरी गळा कापते. चकतीवर घड्याळाच्या दहा आणि दोनच्या जागी कडेपासून इंचभर आत दोन चिरा पाडायच्या. पट्टीची दोन्ही टोकं पुढून या चिरांतून मागे घ्यायची, चकतीच्या पाठीवरून खाली आणायची आणि त्या तोरणाच्या दोन टोकांना शिवून टाकायची. म्हणजे खालचं वजन थेट पट्टीवर, पट्टी गळ्यात, आणि पुठ्ठा फक्त फूल धरायला. मधल्या एकाच भोकातून पट्टी घालू नका, मम गरगर फिरत राहतो आणि फोटोत कायम पाठ दिसते. पाठीवर फेल्टचा गोल चिकटवला की टाके झाकले जातात. सेफ्टी पिन हवी तर शर्टाला एक लावा, पण ती मम हलू नये म्हणून, पेलायला नाही. नुसत्या पिनांवर मम टांगणाऱ्यांचे शर्ट फाटलेले मी पेप रॅलीच्या गर्दीत बघितलेत.

घंटा आणि खेळणी गोंदाने लावायची नाहीत, पातळ तारेने किंवा अरुंद रिबिनीने बांधायची. जड वस्तू वरच्या बाजूला, डावी-उजवी तोलून. फुलाच्या मधोमध टेडी बसवायचा हट्ट असेल तर तार त्याच्या कमरेतून घेऊन दोन्ही चकत्यांपलीकडे पिळा, आणि टेडी लहान घ्या. माझं ऐकाल तर दोन मोठ्या काउबेल कमी करून इंडियन स्टोअरमधून किंवा घरातल्या कुठल्यातरी डब्यातून घुंगरं काढा. वजन थोडं आणि आवाज असा की गणिताच्या बाई वर्गाबाहेर काढतील. काही शाळा तसंही वर्गात मम घालू देत नाहीत, आकारावरही बंधनं असतात. शाळेची सूचना आधी वाचा.

लांबी गुडघ्याच्या जरा खाली, बस्स. जमिनीपर्यंतचा मम फोटोत छान दिसतो, पण स्टेडियमच्या पायऱ्यांवर मागच्याचा पाय पडला की सगळं तोरण हातात येतं.

नावं: एका रिबिनीवर देणाऱ्याचं, एकीवर घेणारीचं, शिवाय वर्ष. चिकटपट्टीची अक्षरं सॅटिनवर धरत नाहीत, प्रत्येकाखाली कापडाच्या गोंदाचा ठिपका. स्पेलिंग मुलाच्या आईकडून लेखी मागवून घ्या.

बुधवारी रात्री मम हँगरवर टांगून दाराला अडकवा आणि आल्यागेल्याने हलवत जायचं. सकाळी जे खाली पडलेलं दिसेल ते गुरुवारी नीट बांधा. गुरुवारी रात्री पहिल्यांदा टांगून बघाल तर दुरुस्ती पहाटे चारला कराल. शुक्रवारी शाळेत नेताना गाडीत आडवा ठेवा, डिकीत नको. दप्तरात चार सेफ्टी पिना आणि थोडी तार द्या.

गार्टर हे सगळं छोट्या प्रमाणात: रुंद इलॅस्टिक, छोटी चकती, रिबिनी कोपरापर्यंत. दंडाचं माप मुलाने जर्सी घातलेली असताना घ्या, आणि इलॅस्टिकचं टोक शिवायच्या आधी त्याला हात वाकवायला सांगा. सामना खेळणारा मुलगा असेल तर गार्टर दिवसभर शाळेत घालेल, सामन्याआधी काढून आईकडे देईल, तेव्हा त्याच्या आईचं नाव लिहिलेली एक पिशवी सोबत पाठवा. आणि शनिवारी मम भिंतीवर टांगण्याआधी दिव्यांच्या बॅटऱ्या काढा.