कृष्णविवरांची जोडी ‘सापडली’? आधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात भाचा लॅपटॉप काखोटीला मारून रामबागेतल्या आमच्या घरी आला. ‘‘मामा, मिळून गेली जोडी! हा क्वेसार दरवर्षी उजळतो.’’ (इंदुरी मराठीत गोष्टी मिळत नाहीत, मिळून जातात.) क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा, महाकाय कृष्णविवरात पडणाऱ्या वायूमुळे झगझगणारा गाभा. तिथे दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत असतील, तर तेज ठरावीक काळाने वरखाली होऊ शकतं; भाचा तीच लय शोधत होता. आलेख पाहिला, तर दरवर्षी ठरावीक महिन्यांत एकही बिंदू नाही. तेव्हा तो क्वेसार आकाशात सूर्याजवळ असतो, म्हणून निरीक्षण होतच नाही. ३६५ दिवसांचा आवर्तनकाळ त्या रिकाम्या जागांनी जन्माला घातला होता. पोहे गार झाले, तरी पठ्ठ्या मानेना.

ही चूक लगेच पकडता येते. खरी फसवी आहे ती क्वेसारच्या लहरीपणाची. त्याचे संथ चढउतार मोठे असतात, आणि निव्वळ गोंधळातूनही दोन-तीन देखण्या लाटा उमटतात. पीजी १३०२-१०२ या क्वेसारमध्ये २०१५ साली सुमारे १,८८४ दिवसांचा आवर्तनकाळ जाहीर झाला. त्यातल्या मुख्य सर्वेक्षणाच्या नोंदी होत्या नऊ वर्षांच्या, म्हणजे दोन फेऱ्यासुद्धा पुऱ्या नाहीत. जोडी नसतानाही असा आलेख मिळू शकतो, हे दुसऱ्या गटाने पुढच्याच वर्षी दाखवलं. शिवाय जवळपास अडीच लाख क्वेसार चाळल्यावर एखादा लयीत नाचणारच!

म्हणून त्याच तारखा आणि तेवढीच मापनत्रुटी धरून जोडी नसलेले हजारभर बनावट आलेख संगणकावर तयार करा. तुमच्यासारखी लाट त्यांत किती वेळा येते ते मोजा, आणि आपण किती क्वेसार चाळले तेही हिशेबात धरा. भाच्याने हे केलं, आणि संध्याकाळी फोनवर आवाज बराच खाली आला होता.

वर्णपटातली (प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणारी) रेषा दुभंगलेली दिसली, म्हणजे कृष्णविवरं दोन, अशीही उडी मारू नका. एकाच कृष्णविवराभोवती फिरती वायूची तबकडी किंवा त्याच्याजवळून सुटणारे पदार्थाचे झोत तेच करतात. रेडिओ चित्रात दोन ठिपके दिसले, तर एक झोतातली गाठ असू शकते. अनेक वारंवारतांवर तेज तपासा: गाठ वरच्या वारंवारतेला झपाट्याने मंदावते, गाभा (कृष्णविवरालगतचा भाग) सहसा तसा मंदावत नाही. ०४०२+३७९ या दीर्घिकेत दोन्ही ठिपके गाभ्यासारखे वागले, म्हणून एकमेकांपासून सुमारे २४ प्रकाशवर्षांवर असलेली ती जोडी आज भक्कम मानली जाते.

आणि अवकाशात सतत घुमणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा पुरावा मिळाल्याची २०२३ ची ती बातमी. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीणही त्या कामात होती. पल्सारांच्या (घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या मृत ताऱ्यांच्या) ठोक्यांत सापडलेला तो गुरुत्वीय गुंजारव बहुधा असंख्य जोड्यांचा एकत्रित आहे. त्यावर बोट ठेवून ‘ही बघा माझी जोडी’ म्हणता येत नाही. भाच्याचा पुढचा प्रश्न अर्थात ‘मग त्यात माझी जोडी कुठली?’ हाच होता.