स्पाची रेस बघायला निघालात? या चुका टाळा

बेल्जियन ग्रांप्रीला, म्हणजे बेल्जियममधल्या फॉर्म्युला वन रेसला जायचं म्हणून दरवर्षी कुणी ना कुणी बेत घेऊन माझ्याकडे येतं, आणि त्यात हमखास लिहिलेलं असतं: 'रविवारी रेस, रात्रीचं विमान.' ही ओळ आधी खोडा.

ही रेस जिथे होते ते स्पा-फ्रँकोरशांप हे शहराला खेटलेलं सर्किट नाही. आर्देनच्या जंगलात, लहान गावांच्या मधोमध ७.००४ किलोमीटरचा ट्रॅक आहे आणि रेस संपली की सगळी गर्दी एकदम त्याच अरुंद रस्त्यांवर उतरते. पहिल्या खेपेला मीही रात्री साडेनऊचं विमान घेतलं होतं. रेस दुपारी ३ ची, ब्रसेल्स विमानतळ साधारण १४० किलोमीटर, भाड्याची गाडी हाताशी. कागदावर सगळं जमत होतं. पण पार्किंग म्हणजे शेत, आणि आदल्या रात्रभर पाऊस पडलेला. आमच्या पुढची गाडी चिखलात रुतली. ट्रॅक्टरने ती ओढून काढली, तोवर तिच्यापुढची रुतली. शेताच्या फाटकाबाहेर पडायला सव्वादोन तास लागले, मोटरवे गाठायला आणखी एक. विमानतळावर पोचलो तेव्हा काउंटर बंद झाला होता. दुसऱ्या दिवशीच्या तिकिटाला जवळपास दुप्पट पैसे गेले.

आता मी सोमवारी दुपारनंतरचंच विमान घेतो आणि रविवारी रात्री लिएज शहरात राहतो. गाडी घेत नाही. रेल्वेने व्हेर्व्हिए गावापर्यंत आणि तिथून रेसच्या दिवसांतली बस. त्या वर्षीचं बसचं वेळापत्रक मात्र आधी बघून ठेवा. रेस संपल्यावर फाटकाकडे धावत नाही, तास-दीड तास तिथेच थांबतो. ट्रॅकवरचा ओ रूजचा चढ टीव्हीवर सपाट वाटतो. खाली उभं राहून वर बघितलं की तो किती उभा आहे ते कळतं. एवढ्या लांब येऊन तो न बघता पळणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी चूक व्हिसाची. 'पाच दिवसांत पॅरिस, ॲमस्टरडॅम आणि रेस' हा बेत मला मुळातच पटत नाही, पण तो करायचाच असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणारा एकच व्हिसा) कुठल्या देशाकडे मागायचा ते नीट ठरवा. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करायची पळवाट शोधू नका. मुक्कामाची बुकिंगं आणि अर्ज जुळले नाहीत तर नकार येऊ शकतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. रेस जुलैअखेरीस असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच हालचाल करा, कारण उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंटसाठी झुंबड असते. माझा क्रम ठरलेला आहे: रेसचं तिकीट, रद्द करता येणारं हॉटेल, व्हिसा, आणि मग पैसे परत न मिळणारं विमानाचं तिकीट. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतोच.

छत्री नको, मागच्याला काही दिसत नाही. आपला पावसाळी रेनकोट आणि चिखलात चालतील असे बूट न्या. ट्रॅकच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस, हे तिथे नेहमीचंच. २०२१ मध्ये सेफ्टी कारमागे (धोका असताना सगळ्यांना हळू चालवणारी पुढची गाडी) मोजके लॅप होऊन रेस थांबली आणि अर्धेच गुण दिले गेले. लोक दिवसभर भिजत बसले होते.

बसायची जागा ठरलेली नसलेलं स्वस्त तिकीट घेतलंत तर सकाळी उशिरा पोचू नका. शुक्रवारी पूर्ण सर्किट पायी फिरा आणि रविवारची जागा तेव्हाच हेरून ठेवा. मला पूऑँ या वळणाच्या बाजूचा उतार आवडतो.

लहान मुलांना आवाज अडवणारे कानावरचे मफ हवेतच.

तिकिटं ओळखीच्या-ओळखीच्याकडून घेऊ नका.

आणि 'पुढच्या वेळी बघू' म्हणत असाल तर कॅलेंडर बघा: जाहीर झालेल्या करारानुसार स्पाला २०२६, २०२७, २०२९ आणि २०३१ मध्ये रेस आहे, २०२८ आणि २०३० मध्ये नाही.